कडा न कापलेली वही

गुरुजींना आता जवळजवळ दिसत नाही. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं, पत्र्याच्या पेटीतून वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "दत्ता, ही पुण्याला एखाद्या ग्रंथालयात ठेवून ये. माझ्यामागं रद्दीत जायला नको." पन्नाशीला टेकल्यावर पुण्याचा प्रवास अंगावर येतो. पण गुरुजींना नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही.

आधी वहीबद्दल सांगतो. भोरजवळच्या आमच्या गावात पाचवीला इंग्रजी सुरू झालं, तेव्हा शाळेत एकच कोश होता. गुरुजींनी तो पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, पुठ्ठा गेलेला. त्यात शब्दांचे कधीच मागे पडलेले अर्थही दिलेले होते आणि गुरुजींना त्यांचंच वेड. रोज प्रार्थनेनंतर ते एका मुलाला एक शब्द सांभाळायला देत. वहीत तो शब्द, त्याचा जुना अर्थ मराठीत आणि पार कडेला त्या मुलाचं नाव. 'क्लू' म्हणजे सुताचा गुंडा. 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. 'गर्ल' म्हणजे कुठलंही लेकरू, मुलगा असो की मुलगी. 'सिली' म्हणजे देवाची कृपा असलेला. आजचा अर्थ ते मागाहून सांगत. "आधी आजोबाला ओळखा, मग नातवाला," म्हणत.

त्याचा फटका आम्हाला बसायचाच होता. नव्वदीनंतर पुण्याकडे कारखाने वाढले, गावातली पोरं तिकडे धावली, मीही गेलो. भोसरीतल्या मुलाखतीत साहेब "यू आर सिली" म्हणाले आणि मी हात जोडून "थँक यू सर" म्हणालो. नोकरी मिळाली. पण आठ वर्षं तिथं मला सगळे 'थँक यू' म्हणूनच हाक मारत. मग मी गावी परतलो आणि आमच्याच शाळेत कारकून झालो.

कुणाला भोरहून पुण्याला यायचं असेल तर पहाटेची एसटी धरा आणि डाव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही. कापूरव्होळला चहा बरा मिळतो. कात्रजचा बोगदा संपला की गाडी रांगायला लागते; तेवढ्यात माझा एक माळ जप झाला. स्वारगेटला मेट्रोच्या कामाचे पत्रे लावलेले, कुठून बाहेर पडायचं तेच कळेना. रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, म्हणून नारायण पेठेपर्यंत चालत गेलो. पोहोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले होते.

ग्रंथालयाच्या खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी वही दोन बोटांनी उघडली.

"आपण लेखक का?"

"नाही, लेखक गावाकडे असतात. डोळ्यांनी..."

"अहो, ही वही आहे. आम्ही पुस्तकं ठेवतो. बांधणी करून आणा, मग विचार करू." आणि मी वळल्यावर म्हणाले, "विचार करू म्हणालोय. घेऊ म्हणालो नाही."

चार गल्ल्या सोडून एक बाइंडर सापडले. पांढरे केस, बोटांना खळ वाळलेली. त्यांनी वही मशीनच्या पात्याखाली ठेवून पाहिली. "तीन बाजूंनी कापावी लागेल. कडा कुरतडल्यासारख्या झाल्यात." मग वाकून म्हणाले, "आणि ही कडेची नावं कसली? हजेरी घेता का?"

"नावं राहतील ना?"

"नावं जातील. शब्द राहतील. शब्दांसाठीच बांधताय ना?"

"न कापता होणार नाही?"

"होईल की. पण मग त्याला पुस्तक म्हणू नका."

उद्या सकाळी सांगतो म्हणालो. पेठेतल्या कोपऱ्यावरच्या गणपतीला हात जोडले आणि महापालिकेच्या थांब्यावरून हिंजवडीची बस धरली. मुक्काम तिकडेच ठरला होता, सुनंदाकडे. सुनंदा माझ्या वर्गातली, आम्हा सगळ्यांत गणितात पुढची. दहावीच्या आधीच तिचं लग्न झालं. आता ती तिथं आयटीतल्या मुलांसाठी मेस चालवते. बसला दीड तास लागला, त्यातला तासभर मी उभाच.

मी पोहोचलो तेव्हा ती परातीसमोर होती. दारातूनच एक मुलगा ओरडला, "काकू, आज आम्ही सहा जण एक्स्ट्रा आहोत!"

"मग अजून चोवीस पोळ्या. पीठ हाय तेवढं. हात धुऊन बसा," ती मान वर न करता म्हणाली. मग मला बघून, "काय रं दत्ता, किती वाळलास! बस, आधी जेव."

जेवणानंतर मी वही काढली. तिचं पान मला ठाऊक होतं. 'कॉम्प्युटर : आकडेमोड करणारा माणूस.' कडेला 'सुनंदा, इयत्ता पाचवी.' तिने हात पदराला दोनदा पुसले, तरी पानाला लावला नाही.

"मला वाटलं, गुरुजी इसरलं असतील."

तो मघाचा मुलगा वाकून बघत होता. त्याने फोनवर काहीतरी टाइप केलं. "काकू, हे करेक्ट आहे! पूर्वी माणसांनाच कॉम्प्युटर म्हणायचे. हे बघा, सगळं आहे इथे."

"बघू. आन् माझं नाव दाखवतंय का त्यात?"

"काकू, तुमचं नाव कसं असेल?"

"मग राहू दे तुझा फोन. भाजी घे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू असा तोंड पाडून का बसलायस?"

मी पात्याचं सांगितलं. ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. शेवटी म्हणाली, "माझ्यापुरतं सांगते. कापू नको. गुरुजींना काय सांगायचं ते तुझं तू बघ."

सकाळी पुन्हा दीड तासाची बस, पुन्हा नारायण पेठ. बाइंडरना म्हणालो, कापू नका, नुसती शिवून द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी जिलबीवर मीठ मागितलंय. पण शिवली मात्र जाड दोऱ्याने, मन लावून, वर निळं कापड चढवलं. देताना म्हणाले, "कुठे बांधली विचारलं तर माझं नाव सांगू नका."

परतताना ग्रंथालयावरून गेलो. पायऱ्यांशी थांबलो. कडा बघून ते गृहस्थ काय म्हणतील ते न विचारताच कळत होतं. खरं सांगायचं तर अंगात चढायचं त्राणही नव्हतं. स्वारगेटहून दुपारची गाडी धरली. वही मांडीवर आणि मनात एकच : गुरुजींचा शब्द मोडून मी घरी निघालोय. एरवी परतीच्या गाडीत जप होतो. त्या दिवशी झाला नाही.

गुरुजी ओसरीवर बसले होते. मी वही हातात दिली. त्यांनी कापडावरून हात फिरवला, मग कडांवरून. बोटं कडांवरच थांबली.

"कापली नाहीस."

"नाही गुरुजी."

"मग ग्रंथालयात दिली नसशील."

"नाही. कापली असती तर नावं गेली असती. सुनंदा नको म्हणाली. मलाही..."

त्यांनी वही मांडीवर ठेवली. मग विचारलं, "सुनंदा काय करते?"

मी मेसचं आणि तिच्या चोवीस पोळ्यांच्या हिशोबाचं सांगितलं. ते हसले, खूप दिवसांनी. वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे. संध्याकाळी येऊन एकेक पान वाचत जा. नाव आधी वाच."

आता ती वही आमच्या देवघरात पोथ्यांशेजारी असते. आरती झाली की मी ती घेऊन जातो. मी नाव वाचतो, गुरुजी सांगतात : हा सुरतेला, ही सासवडला. एखाद्या नावावर नुसतं "पुढं" म्हणतात, तेव्हा मी काही विचारत नाही. प्रवासाचा शीण अजून गुडघ्यात आहे. पुण्याला पुन्हा कधी जाईन, माहीत नाही.

परवा पान उलटलं आणि माझंच नाव आलं. मी थांबलो.

"वाच की," गुरुजी म्हणाले. "आहेस ना?"