शैलाकाकूंचा मंगळवार

शैलाकाकूंकडे मंगळवारी सकाळी गेलं की त्या दार उघडायच्या, ओठांवर बोट ठेवायच्या आणि पावलांचा आवाजसुद्धा न करता परत स्वयंपाकघरात जायच्या. ओट्यावर फोन स्पीकरवर टाकलेला असायचा आणि त्यातून सरकारी संगीत वाजत असायचं. एकच धून पुन्हा पुन्हा, आणि मध्येच एक बाई सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. काकू त्या धुनेवर मेथी निवडायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारी इंटरनेटच्या बिलावरून भांडतेय. म्हटलं, "काकू, द्या इकडे, मी बोलते." त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "गप बस. डोरिस येईल आता."

डोरिस ही अमेरिकन लष्कराच्या कुठल्याशा कचेरीतली बाई. लोकांनी मागितलेली सरकारी माहिती शोधून द्यायची, हे तिचं काम. ती कुठल्या गावी बसते हे काकूंना माहीत नव्हतं. पण तिचा डावा गुडघा दुखतो, तिच्या मांजरीला मधुमेह आहे आणि ती मंगळवारीच जागेवर सापडते, हे सगळं पाठ होतं. फोन लागला की काकू आधी गुडघ्याची चौकशी करायच्या, मग मांजरीची, आणि शेवटी अगदी हळू आवाजात विचारायच्या, "एनी न्यूज, डोरिस?" न्यूज नसायचीच. तरी फोन ठेवताना त्यांचा चेहरा जेवण झाल्यासारखा तृप्त असायचा.

मी त्यांच्यापासून तीन घरं सोडून राहते, इथे टेक्सासात, शुगर लँडला. एका डेंटिस्टकडे फ्रंट डेस्कवर असते. मंगळवारी आमचं ऑफिस दुपारी उघडतं, म्हणून तो दिवस काकूंना भाजी आणायला न्यायचा, असं आपोआप ठरून गेलं होतं. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा निखिल दूर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला, दर रविवारी फोन करायचा आणि फोनवर घड्याळाकडे बघायचा. गेल्या हिवाळ्यात काकूही गेल्या, झोपेतच. त्यांच्याबद्दल चार शब्द लिहून दे असं इथले मराठी मंडळवाले म्हणाले तेव्हा मी हो म्हटलं खरं. पण मंडळाला हव्यात हळदीकुंकवाच्या आठवणी, आणि मला आठवतो तो हा फोन.

या सगळ्याच्या मुळाशी होती बेबी. काकूंची धाकटी बहीण, अमरावतीला शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, पक्की भांडकुदळ. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करकरून तिनं नगरपालिकेला जेरीला आणलं होतं. गल्लीतला दिवा का लागत नाही, हे तिनं इतक्या वेळा लेखी विचारलं की शेवटी वैतागून त्यांनी दिवा लावला. ती काकूंकडे सहा महिन्यांसाठी आली होती. मार्चअखेरीला टेक्सासात हायवेच्या कडेला निळी रानफुलं फुलतात, त्यात बसून फोटो काढायचा म्हणून दोघी निघाल्या. गाडी काकू चालवत होत्या. मागून ट्रक आला. काकूंना खरचटलं फक्त. बेबीला हेलिकॉप्टरनं नेलं.

जवळचं मोठं हॉस्पिटल लष्कराचं होतं. तिथे सैनिकांबरोबर तुमच्याआमच्यासारख्या साध्या नागरिकांनाही घेतात. अपघाताच्या केसेस हाताखालून गेल्या की लष्करी डॉक्टरांचा सराव राहतो. फरक एवढाच, की सैनिकाचं बिल सरकार भरतं आणि नागरिकाचं नागरिकानं भरायचं. काकूंनी त्या लोकांना कधी नावं ठेवली नाहीत. "माणसं सोन्यासारखी होती गं," म्हणायच्या. "एक गणवेशातली नर्स बेबीचे केस विंचरायची. बेबी तिच्याशी मराठीत भांडायची आणि ती आपली येस मॅम, येस मॅम करायची." काही दिवसांनी बेबी तिथेच गेली.

आता सहीचं सांगते, कारण माझं पोटच या सह्यांवर आहे. पेशंटचे पैसे कोण भरणार, असा एक रकाना प्रत्येक फॉर्मवर असतो. तिथे इथला माणूस पेन थांबवतो, नवऱ्याला विचारतो, वकिलाला फोन लावतो. आपल्याकडची बाई म्हणते, "मी आहे ना," आणि सही ठोकते. काकूंनी तेच केलं. ठसठशीत स्वतःचं नाव, पत्ता, सगळं. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, वाचायचं तरी." तर म्हणाल्या, "आत आपलं माणूस पडलेलं असताना बाहेर कागद वाचत बसणारी बाई मी नव्हे. तू असशील तर सांग." 

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा विमा असतो तो शोभेचा. तो पहिल्याच दिवशी संपला. बाकीचं काकूंच्या नावावर आलं. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात आमच्या भागात बऱ्यापैकी घर आलं असतं. भरता येईना, मग ते सरकारी येणं झालं आणि काकूंच्या सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे सरकारी पेन्शनीतून, दर महिन्याला थोडं थोडं कापलं जाऊ लागलं. काकूंनी तक्रार केली नाही. भर ऑगस्टात एसी चौऱ्याऐंशी फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ बंदच, ठेवून पंख्याखाली बसायच्या आणि मी घाम पुसायला लागले की म्हणायच्या, "अमरावतीला कुठे होता एसी? मेलो का आम्ही?"

असं बिल माफ करून घेण्याचा अर्ज असतो. तो मीच शोधून काढला, छापून आणला, सही कुठे करायची तिथे पिवळी चिठ्ठी लावली. निखिलही मागे लागला होता. "आई, जस्ट अप्लाय, यार. वर्स्ट केस, दे से नो." काकूंनी अर्ज फळीवर डब्याखाली ठेवला. "मागितलं असेल का गं कुणी असं?" त्यांनी मला विचारलं. "माझ्यासारख्या बायका असतील ना? बहिणीसाठी, आईसाठी सही केलेल्या. त्यांनी मागितलं असेल आणि त्यांना दिलं असेल, तर मीही मागते. पण मी एकटीच सरकारपुढे हात पसरणारी असेन, तर नको." मी म्हटलं, "काकू, लाजायचं काय त्यात?" तर म्हणाल्या, "लाज नाही गं. सोबत हवी."

आणि मग त्यांनी बेबीचा धडा गिरवला. इथेही तसा कायदा आहे, कुणीही सरकारकडे कागद मागू शकतो. काकूंनी पहिला अर्ज हातानं लिहिला: देशातल्या सगळ्या लष्करी हॉस्पिटलांत आजवर किती नागरिकांवर बिलांचं कर्ज झालं, किती जणांनी माफी मागितली, किती जणांना मिळाली. मी वाचून हसले. "काकू, हे म्हणजे समुद्र मागवण्यासारखं झालं." त्या म्हणाल्या, "विचारायला काय पैसे पडतात? आपण विचारायचं. उत्तर देणं त्यांचं काम. सासू थोडीच आहे, की विचारलं म्हणून रागावेल?"

रागावलं कुणीच नाही. पोच आली, मग मुदतवाढीचं पत्र आलं, मग आणखी एक मुदतवाढ, आणि मग डोरिस आली. तिनं गोड आवाजात समजावलं की एवढी माहिती गोळा करायला वर्षानुवर्षं जातील, तर तुम्ही मागणी थोडी लहान करा. काकू दोन मंगळवार फुगून बसल्या. मग तयार झाल्या. आधी फक्त टेक्सास. तरी मोठं. मग ते एकच हॉस्पिटल. तरी मोठं. मग मुलांच्या केसेस वगळल्या. त्या दिवशी काकू वरण गॅसवर तसंच विसरल्या. "आज पोरं बाहेर गेली गं," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला बरे होऊन घरी गेलेले वगळले, मग स्वतःच पेशंट असलेले. दर वेळी काकू मला विचारायच्या, यांना काढलं तर चालेल ना, त्यांना काढलं तर चालेल ना. जणू पंगतीतून एकेकाला उठवायचं होतं. मी म्हणायचे, "अहो, कागदावरून काढताय. माणसं आहेत तिथेच आहेत." त्यांना ते पटायचं नाही.

करता करता उरलं ते एवढंच: त्या हॉस्पिटलात वारलेले परदेशी पाहुणे, ज्यांचं बिल नातेवाइकांनी आपल्या नावावर घेतलं आणि मग माफ करून मागितलं. डोरिस खूश झाली. आता लवकर देते म्हणाली. फोन ठेवल्यावर काकू कितीतरी वेळ मेथीच्या काड्यांशी चाळा करत होत्या. "आता अगदी माझ्यासारखेच राहिले बघ," म्हणाल्या. मला तेव्हा त्यात आनंदच वाटला.

उत्तर ईमेलनं आलं. काकूंचा चष्मा सापडेना म्हणून मीच उघडलं. बरीच पानं इकडचंतिकडचं लिहिलेलं, आणि शेवटी एक छोटा तक्ता. वरच्या ओळींत आकडे होते: एकूण नागरिक, एकूण वारलेले. काकूंच्या ओळीत आकडा नव्हता, चांदणीचं चिन्ह होतं. मला वाटलं, छपाईची चूक. मग खाली बारीक अक्षरात वाचलं. संख्या दहाच्या आत असेल तर ती देत नाहीत, कारण माणसं इतकी थोडी असली की कोण ते ओळखता येतं. त्यांच्या खाजगीपणाच्या रक्षणासाठी हे केलेलं आहे, असं लिहिलं होतं.

मी हे काकूंना दोनदा मराठीत सांगितलं.  त्या बोटं पुढे करून म्हणाल्या, "दहाच्या आत म्हणजे नऊसुद्धा असू शकतात ना?"

"असू शकतात की," मी म्हटलं.

"नऊ म्हणजे खूप झाले," काकू म्हणाल्या. "नऊ जणींचं छान भिशीमंडळ होतं." आणि डब्याखालचा अर्ज काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. चष्माही सापडला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण सही करायच्या आधी त्यांना डोरिसला विचारायचं होतं. नेमका मंगळवार होता. संगीत वाजलं, संपलं, डोरिस आली. या वेळी काकूंनी गुडघाही विचारला नाही आणि मांजरही नाही. त्यांच्या साध्यासरळ इंग्रजीत त्यांनी विचारलं, "डोरिस, मला आकडा नको. नावं नकोत. माझ्याखेरीज कुणी एक तरी आहे का, एवढंच सांग. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

 फोन चालू होता. मागे कुणाचा तरी प्रिंटर चालल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मिस शैला, मला सांगता येत नाही." आणि थोड्या वेळानं, सरकारी नसलेल्या आवाजात, "आय ॲम सो सॉरी, हनी."

काकूंनी लगेच तिला सावरलं. "नो नो, इट्स ओके. युवर नी?" मग त्या दोघी गुडघ्याबद्दल बोलल्या, मांजरीच्या इंजेक्शनबद्दल बोलल्या. शेवटी डोरिसनं सांगितलं की उत्तर दिल्यामुळे तुमची फाइल आता बंद होईल. काकूंनी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

मी घाईघाईनं बोलत सुटले. काकू, नियम आहे, तिला सांगताच येत नाही, कुणी नसो की नऊ असोत, तिला तेच म्हणावं लागतं. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग अर्ज घडी करून परत डब्याखाली सारला.

"कुणी असतं तर ती हो म्हणाली असती," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ओळखते मी तिला. तिला माझी दया आली."

मग त्यांनी नळ सोडून मेथी धुवायला घेतली. पाण्याच्या आवाजात त्या काहीतरी पुटपुटल्या, म्हणून मी जवळ गेले. त्या बेबीला सांगत होत्या, "मी एकटीच आहे गं. दुसरं कुणी नाही." मी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून मेथी चिरायला लागले.