मुंग्यांना वाचता येत नाही

आमच्या थोरल्या सुनेला काहीही विचारा, ती उत्तर देते, आणि खरं देते. शेजारच्या काकू गाणं शिकायला लागल्या तेव्हा त्यांनी हौसेनं आमच्या बैठकीत म्हणून दाखवलं आणि कसं झालं ते विचारलं. मी आणि बायको आधीच छताकडे बघायला लागलो होतो. सून म्हणाली, "काकू, पाठांतर अगदी पक्कं आहे." काकू अजून तिच्यावर खूश आहेत. खोटं न बोलता निसटायचं कसं, ते तिला असं छान जमतं. एकदाच जमलं नाही, तेव्हाची ही हकीकत.

ती एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. लोखंडी फाटकं, कठडे, जिने, पाण्याच्या टाक्या असं सगळं तिथं बनतं. तिथं ती नेमकं करते काय, हे माझ्या डोक्यात बरेच दिवस शिरत नव्हतं. शेवटी तिनंच समजावलं, की बाबा, कारखान्याचे सगळे कागद आता कॉम्प्युटरात असतात, आणि कुठलं कपाट कोणी उघडायचं ते मी बघते. म्हणजे किल्ल्या तुझ्या कमरेला, मी म्हटलं. तेव्हापासून घरात तिचं नाव कुलूपवाली.

कुलपं मात्र नावालाच होती. त्या ऑफिसची रीत अशी, की कपाट बंद केलं तर जो तो परवानगी मागत मागे लागतो, म्हणून सगळ्यांनी सगळं सगळ्यांना उघडं ठेवलेलं. काही झाकायचं असलं तर त्याला असं नाव द्यायचं की वाचूनच जांभई यावी. भांडणांच्या तक्रारी 'जुनी वेळापत्रकं' मध्ये, कुणाच्या आजारपणाचे दाखले 'पंखे दुरुस्ती' मध्ये. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. पंख्यांच्या दुरुस्तीत कोण कशाला डोकावतोय?

मी हसलो खरा, पण आमच्या घरात तरी वेगळं काय होतं. माझ्यापासून बिस्किटं लपवायची म्हणून बायको ती धुण्याच्या सोड्याच्या डब्यात ठेवायची. डब्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, सोडा. अख्खा उन्हाळा मी त्या डब्याशेजारून तोंड पाडून हिंडलो. एक दिवस बघतो तर मुंग्यांची रांग भिंतीवरून सरळ त्या डब्यात. बायको मुंग्यांवर भडकली. मी म्हटलं, त्यांचा काय दोष, त्यांना वाचता कुठं येतं?

तर पुढं त्या कारखान्यात एआयचा मदतनीस आला. त्याला आपल्या साध्या भाषेत विचारायचं आणि तो उघडी असतील तेवढी सगळी कपाटं पालथी घालून क्षणात उत्तर देणार. सुनेनं साहेबांना आधीच सांगून पाहिलं होतं, की अगोदर कुलपं नीट लावू, मग ह्याला आत घेऊ. साहेब म्हणाले, लोकांना सवय तर लागू दे, कुलपांचं मागाहून बघू. माणसाला कंटाळा येतो म्हणून जे इतकी वर्षं झाकून राहिलं होतं, ते आता उघड्यावर आलं, कारण ह्या मदतनिसाला कंटाळा म्हणून नाहीच. घरी तिनं हे सांगितलं तेव्हा मी मुंग्यांची गोष्ट पुन्हा एकदा रंगवून सांगितली, आणि मदतनिसाचं नाव मुंगी पडलं. आमच्या धाकट्यानं, म्हणजे माझ्या दुसऱ्या मुलानं, ते नाव कारखान्यातही नेलं. तो तिथंच वेल्डिंग खात्यात होता.

वेल्डिंगवाल्यांच्या हातमोज्यांची मागणी सुनेच्याच टेबलावरून जायची. एका सकाळी तिनं मुंगीला सहज विचारलं, की वेल्डिंग खात्याला पुढं किती हातमोजे लागतील? मुंगीनं नम्रपणे सांगितलं, की लागणार नाहीत, कारण हातातली मोठी ऑर्डर संपली की हे खातं बंद करून काम बाहेरच्या माणसांना द्यायचं ठरलं आहे. आणि हे कुठं मिळालं तेही खाली लिहिलं, 'पडद्यांच्या कापडाचे नमुने'. तिनं ते कपाट उघडलं. आत एकही पडदा नव्हता.

ती उठून सरळ साहेबांच्या खोलीत गेली. फट दिसली की सांगायची, हे तिचं कामच होतं. साहेबांनी दार लावून घेतलं. असल्या सगळ्या कपाटांना आजच्या आज कुलपं लाव आणि ह्यातला एक शब्द बाहेर जाता कामा नये, घरी तर मुळीच नाही, असं बजावलं. ती म्हणाली, माझा दीर त्या खात्यात आहे. साहेब म्हणाले, म्हणूनच सांगतोय. आत्ता कळलं तर माणसं ऑर्डर अर्धी टाकून जातील.

मग ती कुलपं लावत बसली. हे काम चुकीचं आहे असं तिला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच दिवशी तिनं मुंगीला दारावरच्या रखवालदाराबद्दल विचारून पाहिलं होतं, तर मुंगीनं त्याच्या दुखण्याचं नाव, गोळ्या, सगळं वाचून दाखवलं. ते कुणाला का कळावं? कुणाच्या घरचं काय, ती वर्षानुवर्षं बघत आली होती आणि एक अक्षर कधी घरात आणलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिनं सगळी दारं बंद केली, आणि ती बातमी घेऊन स्वतः आत राहिली.

आणि नेमकं तेव्हाच घरी काय चाललं होतं, तर धाकट्याला दुसऱ्या गावच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. काम चांगलं, पण लांब. जेवताना त्यानं जाहीर केलं, की आपल्या खात्याचा मुकादम आता थकलाय, पुढची खुर्ची माझीच, मग कशाला जाऊ? सोमवारी त्यांना नाही कळवून टाकतो. आम्ही सगळे खूश. मी तर माझ्या गावच्या शाळेतली हकीकत काढली, खुर्चीचीच. सून पाणी आणायला उठली. तांब्या भरलेला होता.

त्या दिवसांत ती घरात वावरायची ती भिंतीला धरून. धाकटा एका खोलीत आला की ही दुसऱ्या खोलीत. थोरल्यानं विचारलं काय होतंय, तर म्हणाली, डोकं जड आहे, आणि ते खरंच होतं. साहेबांकडे ती पुन्हा जाऊन आली, निदान माणसांना सांगा तरी. साहेब म्हणाले, ऑर्डर झाल्यावर. नोकरी सोडावी तर का सोडलीस हे घरात विचारणार, आणि विचारलं की खरं उत्तर देणं आलं. आम्ही आपले समजत होतो, सर्दी असेल.

रविवारी सकाळी ती भांडी घासत होती. मी तिथंच पाटावर बसून चहा पीत होतो. धाकटा दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आमचे हातमोजे कधी येणार? मुंगीला विचारलं तर म्हणते, याबद्दल माझ्याकडे माहिती नाही. मागच्या आठवड्यापर्यंत तर डझनावारी सांगायची."

येतील म्हटलं असतं की संपलं असतं. ती तीच ताटली घासत राहिली.

"भाऊजी, मला ते विचारू नका."

"बरं. मग दुसरं विचारतो. उद्या त्यांना नाही म्हणून कळवू ना?"

नळ चालू होता. तिनं वर पाहिलंच नाही. काकूंच्या भयंकर गाण्यावरसुद्धा जिला उत्तर सुचलं होतं, ती माझी सून गप्प होती. धाकट्यानं पुढं होऊन नळ बंद केला आणि बाहेर जाऊन फोन लावला. नव्या कारखान्याला त्यानं होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून साहेबांपुढे उभी राहिली. म्हणाली, "मी काही सांगितलं नाही, पण मला खोटंही बोलता आलं नाही. त्याला कळलं. आता बाकीचे विचारतील, तेव्हाही मला बोलता येणार नाही." साहेबांनी तिला रागावून घेतलं, मग त्याच आठवड्यात खात्याला जमवून सगळं सांगून टाकलं. काहींना दुसरीकडे काम लागलं, काहींना नाही. ऑर्डर मात्र कुणी अर्धी टाकली नाही.

ती अजून तिथंच आहे. कुलपं पक्की लावल्याबद्दल साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली. खात्यातले जे राहिलेसाहिले लोक आता मागच्या गोदामात काम करतात, ते तिला बघून रस्ता बदलतात. तुझ्या दिराला बरं आधी कळलं, असं एकजण तोंडावर म्हणाला.

त्यानंतर तिनं मुंगीला एक नवी शिस्त लावली. जे नाहीच आणि जे आहे पण बंद आहे, दोन्हीला एकच उत्तर द्यायचं, 'हे मला विचारू नका', म्हणजे नकारावरूनही कुणाला काही ताडता येऊ नये. आणि तीच शिस्त स्वतःलाही लावली. गप्प राहायचीही सोय उरली नाही, बाबा, असं एकदा म्हणाली होती.

परवा ती ऑफिसातून आली तेव्हा मी सहज विचारलं, काय गं, तुमच्याकडे चहा कसा असतो?

"बाबा, ऑफिसचं काही विचारू नका," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी आधण ठेवलं.