न बिघडलेलं इंजिन

विमान बिघडलेलं नव्हतं, आणि तरीही ते उडत नव्हतं. काही दिवस अख्ख्या धुळ्याला हे कोडं पडलं होतं. साधारण नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. एका कारखान्याच्या उद्घाटनाला मुंबईचे बडे उद्योगपती स्वतःच्या छोट्या जेट विमानानं आले, गावाबाहेरच्या धावपट्टीवर उतरले, भाषण ठोकलं, हार घालून घेतले. परत निघायच्या वेळी मुंबईहून फोन आला की या जातीची इंजिनं असलेलं एकही विमान आहे त्या जागेवरून हलवायचं नाही. उद्योगपती मोटारीनं गेले आणि विमान राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून धावपट्टीला जत्रेचं रूप आलं. शेंगा-फुटाणेवाले आले, सायकलींची रांग लागली. कोणी म्हणे पेट्रोल संपलंय, कोणी म्हणे पायलट रुसून बसलाय. मलाही जायचं होतंच, फक्त निमित्त हवं होतं, आणि ते आमच्या वर्कशॉपनं पुरवलं.

पांझरा नदीच्या अलीकडे आमचं वर्कशॉप होतं. तिथं कडबाकुट्टीची मशीनं बनत. ज्वारीचा कडबा मशीनच्या पन्हाळीत ठेवायचा, दोन रोलर तो आत ओढतात आणि फिरणारी पाती त्याचे बारीक तुकडे करतात, म्हणजे गुरं एक काडी टाकत नाहीत. माझे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, हे मशीन स्वतः घेऊन जात, गोठ्यात बसवत, नारळ फोडत आणि त्या घरी जेवूनच उठत. मशीन लावलं आणि जेवलो नाही तर ते चालत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. मशीनवर ना नंबर ना पाटी. पण कोणतं मशीन कुठं गेलं हे विचारलं की आबा डोळे मिटून सांगत, ‘पारोळ्याकडे, वरणबट्टी. यावलला, भरीत अन् कळण्याची भाकरी, पार जाळ.’ एकाच घरी मशीन लावून ते जेवले नव्हते. माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरी, सोनगीरला. लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी होते. स्थळं यायची आणि जायची. माझ्या जिभेची ख्याती जळगावपर्यंत पोचली आहे, असं आई म्हणायची. त्यामुळे दिवसभर वर्कशॉपात फोनपाशी बसून आबांशी वाद घालणं हाच माझा उद्योग होता.

आदल्या हिवाळ्यात त्या वादाला धार आली होती. साक्रीकडच्या एका गावात आमच्या मशीननं एका बाईच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. कडब्याची शेवटची मूठ आत सरकवताना रोलरनं हात ओढला. आमच्याकडे काडी वाया घालवायची नाही ही शिस्तच आहे, शेवटची मूठ सगळ्याच बायका हातानं सरकवतात. बातमी कळल्यावर आबा म्हणाले, “तिनं ध्यान कोठे व्हतं कोन जाने.” मी भडकले. म्हटलं, “आबा, ध्यान जरा हललं की बोटं खाणारं मशीन, ते कसलं मशीन? सोनगीरला ताई रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उभी असते.” त्या बाईच्या घरी ते गेलेही नाहीत. ताईच्या हाताचा विचार आला की मला आबांचा राग यायचा.

तर विमान. मुंबईहून मेकॅनिक आले. त्यांचे म्होरके साताऱ्याकडचे, पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. विमानाची इंजिनं शेपटीजवळ, डोक्याच्या वर, आणि त्यांची उभं राहायची लोखंडी घोडी मुंबईतच राहिली होती. तशी एक घोडी करून द्याल का, म्हणून ते आमच्या दारात आले. आबांनी ती एका दिवसात करून दिली आणि स्वतः पोचवायला निघाले. डबा न्यायचा या निमित्तानं मीही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले.

घोडीवर चढण्याआधी म्होरक्यांनी, इंजिनात काही पडू नये म्हणून, सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. तेही अगदी नम्रपणे, देवळात चपला काढायला सांगावं तसं. आबांच्या खिशातून तंबाखूची डबी, चुन्याची डबी, अडकित्ता, खडू, सेफ्टीपिन आणि एक गंजका नट निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्होरक्यांनी मात्र हसू न येऊ देता सगळं एका फडक्यात बांधून बाजूला ठेवलं.

मग त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं. मी खालून बघत होते. पुढच्या तोंडाशी पात्यांचं मोठं चक्र, म्होरक्यांनी एका बोटानं ढकललं तर आवाज न करता फिरत राहिलं. आणि पोटावर नळ्याच नळ्या, चकचकीत, एकीवरून एक गेलेल्या, तरी एक दुसरीला टेकलेली नाही. आबांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. एवढ्या वर्षांत एखाद्या यंत्रासमोर ते असे उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

“यामा काय बिघडेल शे?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही,” म्होरके म्हणाले. “ठणठणीत आहे.”

“मंग उघडी राह्यनात कसाले?”

म्होरक्यांनी एका बारीक नळीवर बोट ठेवलं. तिला धरून ठेवणारा एक लहानसा पत्र्याचा आधार होता, करंगळीएवढा. म्हणाले, “परदेशात याच जातीच्या एका इंजिनात ही नळी या आधाराला घासत राहिली आणि फुटली. आतून इंधन जातं. माणसं नशिबानं वाचली. आता जगात अशी जेवढी इंजिनं आहेत, त्या सगळ्यांचा हा आधार बदलायचा. नवा बसल्याशिवाय उडायचं नाही. कायदाच आहे तसा.”

“एकनी नळी फुटनी, अन् बठ्ठा थांबनात?”

“सगळे.”

“पन हाई ते चांगलं शे.”

“तेही चांगलंच होतं की, आबा, फुटेपर्यंत.”

मला राहून राहून नवल वाटत होतं. ज्यांनी हुकूम काढला त्यांना धुळं कशाशी खातात हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. या विमानात कोण बसतं, तो भला की बुरा, हेही त्यांना माहीत नव्हतं. तरी कुठल्या तरी दूरच्या देशातल्या फुटलेल्या नळीपायी आमच्या माळरानावर माणसं येऊन, चांगल्या इंजिनाचा चांगला आधार काढून नवा बसवत होती. घडायच्या आधीच कोणीतरी कोणाची तरी एवढी काळजी करतं, ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. उन्हाचं निमित्त करून मी डोळे पुसले.

काम संपेपर्यंत आबा रोज जात राहिले. वर्कशॉपात ऑर्डरी खोळंबल्या, पण त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. एका संध्याकाळी ते घरी येऊन आईला समजावत बसले. तिथले बोल्ट नुसते आवळत नाहीत, बारीक तारेला पीळ देऊन एक बोल्ट शेजारच्याला बांधतात, असा की एक सैल व्हायला लागला तर दुसरा ओढला जाऊन घट्ट व्हावा. हे सांगताना त्यांनी माझ्या वेणीचा गोंडा सोडून त्याचा पीळ करून दाखवला. आई म्हणाली, “जेवा आता.” ते जेवताना मध्येच थांबत आणि भिंतीकडे बघत.

शेवटच्या दिवशी इंजिन चालू करून पाहिलं. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग तो चढत गेला आणि मागचं वाळलेलं गवत जमिनीला लोळण घेऊ लागलं. छातीत हादरे बसत होते. आबांनी टोपी काढून हातात धरली. सगळं पाहून झाल्यावर म्होरके आपली पिशवी घेऊन विमानाच्या शिडीकडे निघाले, तेव्हा आबांनी त्यांना अडवलं. “तुमी बी बठनार?”

“काम माझ्या हातचं आहे,” ते म्हणाले. “पहिल्या उड्डाणात मी बसतोच.”

विमान धावलं, उचललं गेलं, लळिंगच्या डोंगराच्या अंगाला वळून दिसेनासं झालं. गर्दी हळूहळू पांगली. आबा तिथंच उभे होते. शेवटी मीच म्हटलं, चला. ट्रॉलीत बसल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिनं ध्यान कोठे व्हतं, आसं म्हनेल व्हतं ना मी.”

“हो,” मी म्हटलं.

“तठे कोनीच म्हनलं नही, का पायलटनं ध्यान नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी ऑर्डर घ्यायला मला मनाई केली. वर्कशॉपात पत्रा कापायला सुरुवात झाली. पन्हाळ लांब करायची आणि तिच्या शेवटच्या हातभर भागावर पक्कं झाकण बसवायचं, म्हणजे हात कितीही आत घातला तरी रोलरपर्यंत पोचणार नाही. सोबत शेवटची मूठ सरकवायला साखळीनं बांधलेला लाकडी दांडका. आणि मग डोळे मिटून आबांनी एकेक घर आठवायला घेतलं. वरणबट्टी. शेवभाजी. एरंडोलला पुरणाचे मांडे, म्हातारीनं खापरावर केलेले. ज्या घरचं जेवण बेचव होतं तेसुद्धा त्यांना आठवत होतं, आणि अशा वेळी ते त्या घराची क्षमा मागितल्यासारखे हसत. एक माणूस नुसत्या चवीच्या जोरावर धुळे आणि जळगाव पालथं घालतो आहे, हे मी बघत राहिले. ज्यांच्याशी मी वर्षभर भांडले ते हेच का, असं वाटायचं.

पहिलं झाकण सोनगीरला बसलं. पुढच्या आठवड्यात आबा आईला आणि मला घेऊन पुन्हा बघायला गेले, तर ताईच्या सासूबाईंनी ते पान्यानं खोलून चुलीला वारा लागू नये म्हणून आडोशाला उभं केलं होतं. झाकणामुळे मूठभर कडबा मध्येच अडकून राहतो म्हणे. मुलीच्या बापानं विहिणीसमोर मान वर करायची नाही असा तो काळ, आणि आबा तर त्या घरचं पाणीही न पिणारे. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आबांनी चुलीजवळचं झाकण उचललं, जागेवर ठेवलं आणि बोल्टऐवजी रिव्हेट ठोकून कायमचं बंद केलं. सासूबाई लागल्या बोलायला. आबांनी ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, “राग धरा, विहीणबाई. पन हात राहू द्या.” ताई दाराआड उभी होती. तिच्या दोन्ही हातांना कणीक लागलेली होती, ते मला अजून दिसतं. त्यानंतर सगळीकडेच रिव्हेट बसले, आणि झाकण बसल्यावर कडब्याची पहिली पेंढी आबा स्वतः मशीनमध्ये घालत.

सगळी घरं झाली. एक राहिलं. साक्रीकडचं. आबा रोज काहीतरी कारण काढत. शेवटी एका सकाळी मीच पन्हाळ आणि झाकण मोटारसायकलला बांधलं आणि मागं बसून राहिले.

ती बाई अंगणात होती. पदराखाली उजवा हात होता. तिनं आम्हाला ओळखलं आणि गोठ्याकडे बोट दाखवलं, डाव्या हाताचं. मशीन अजून वापरात होतं, घराला दुसरा इलाज नव्हता. आबांनी पन्हाळ बसवली, झाकण बसवलं, रिव्हेट ठोकले. नेहमी अर्ध्या तासाचं काम, त्या दिवशी फार वेळ लागला. मग पहिली पेंढी घातली. ती शेजारी उभी राहून सगळं बघत होती.

आबा हत्यारं गोळा करून पाठ फिरवून निघाले, तसं तिनं विचारलं, “आबा, आते कोना हात जावाव नही ना?”

“नही, अक्का.”

“मंग हात धुई ल्या. फुणके करेल शेतस.”

मशीन बसवलं त्या दिवशीही तिनं फुणकेच केले होते. वाफवलेल्या डाळीचे, वर कढी. येताना वाटेत आबांनी मला तेवढंच सांगितलं होतं.

ते ओसरीच्या कडेला उकिडवे बसले. तिनं डाव्या हातानं तांब्या उचलला, उजव्या तळव्याचा खालून आधार दिला आणि पाणी घालू लागली. आबांनी दोन्ही हात पुढं केले. काळं तेल गेलं, मळ गेला, हात स्वच्छ झाले, तरी ते चोळतच होते, एकेक बोट. तांब्यातलं पाणी संपलं. हात तसेच पुढं होते, आणि आबांना मान वर करता येत नव्हती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि आपल्या पदरानं त्यांचे हात पुसले.