टेकडीवर लागणारा फोन

तलासरी सोडून उधव्याच्या रस्त्याला लागलं की फोनवरच्या रेघा कमी होत जायच्या. डांबर संपेपर्यंत एखादी तग धरून असायची. पुढे लाल मातीची चाकोरी सुरू झाली की तीही जायची, आणि मग फोनचा उपयोग वेळ बघण्यापुरता.

२०१४ चा पावसाळा सरल्यावर मला ते काम मिळालं. पाड्यापाड्यांवर जाऊन विहिरींचं, झऱ्यांचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरायचं, बाटलीवर पाड्याचं नाव लिहायचं आणि डहाणूला तपासायला आणून द्यायचं. जुनी जीप होती, ती मीच चालवायचे. रस्ता असा नव्हताच. कधी शेताच्या बांधावरून, कधी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, कधी नुसत्या गुरांच्या वाटेवरून जायचं. एकदा गेलं की दोन-तीन दिवस तिकडेच. कुणाच्या तरी ओट्यावर पथारी टाकायची, सकाळी पुढचा पाडा.

घरी, समुद्राकाठच्या चिखल्याला, वडील एकटे असायचे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते आपल्या चिकूच्या वाडीत रमलेले. फार तर घोलवडच्या नर्सरीपर्यंत सायकलवर जायचे, त्यापलीकडे नाही. माझ्या कामाबद्दल त्यांनी एकच अट घातली होती. "बाय, रोज एकदा आवाज ऐकव. काय बोललीस ते महत्त्वाचं नाही."

पहिल्याच फेरीत ही अट मोडणार अशी चिन्हं दिसू लागली. मी फोन डोक्यावर धरून जीपच्या टपावर उभी होते. खालून लाकडांचा भारा घेऊन एक बाई चालली होती, माझ्याच वयाची, तिशीची. ती थांबली. माझ्याकडे बघून हसली नाही, पण हसू दाबलेलं कळत होतं.

"इथं नाय लागत," ती म्हणाली. "वर जा. मोहाखाली."

तिने हनुवटीने दाखवलेल्या टेकडीवर मी चढून गेले. वर एक मोठा मोह होता आणि त्याच्याभोवती सात-आठ माणसं पांगून उभी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला आणि हात कानाशी. लांबून वाटलं, सगळे मिळून काहीतरी ऐकताहेत, जे मला अजून ऐकू येत नाहीये. तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. गुजरातेत स्वागत असल्याचा संदेश आला होता. पाय महाराष्ट्रात आणि आवाज गुजरातेत, असं ते ठिकाण होतं.

दुपारचे चार वाजले होते. मी घरी फोन लावला. वडिलांनी पहिल्याच घंटेला उचलला. त्यांच्याकडे तारेचा फोन होता, ओटीवरच्या स्टुलावर. "आज भरती पार सुरूच्या झाडांपर्यंत आली," ते म्हणाले. मी म्हटलं, इकडे नागली कापून झालीय. ते म्हणाले, बरं. तेवढ्या बोलण्यातही घरी गेल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून चार ही आमची वेळ ठरली. मी तिकडे असले की कुठूनही जीप त्या टेकडीच्या पायथ्याशी आणायचे. उन्हं कलायला लागलेली असायची, खालच्या शेतांवर धूर तरंगायचा, पलीकडचे डोंगर निळे होत होत हवेत मिसळून जायचे. फोनवर वडील वाऱ्याचं, ओहोटीचं, वटवाघळांनी खाल्लेल्या चिकूंचं सांगायचे. पुष्कळदा मी नुसती ऐकत असायचे आणि मला वाटायचं, या डोंगरांच्या पलीकडेच आमची वाडी आहे. चार पावलं उतरले की पायाला वाळू लागेल.

ती लाकडांच्या भाऱ्याची बाई तिथे रोज भेटायची. उत्तरेकडे तोंड करून एका दगडावर बसायची. तिचा नवरा सौराष्ट्रात मच्छीमार बोटीवर खलाशी होता. नारळी पौर्णिमा झाली की जायचा, उन्हाळा संपता संपता परतायचा. बोट बंदराला लागली की त्याचा फोन यायचा, पण बोट कधी लागेल हे कुणालाच ठाऊक नसायचं. म्हणून ती रोज यायची. तिचा बटणांचा फोन रबर लावून बांधलेला असायचा आणि चार्जिंगला खालच्या गिरणीत ठेवावा लागायचा.

एकदा माझा फोन बंद पडला, तेव्हा तिने आपला पुढे केला. मी त्यावरून वडिलांशी बोलले. त्यांनी तो नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला, हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी, पावसाळा नुकताच उघडला असताना, माझी जीप ओढ्यात रुतली. वरून वाळू दिसत होती, खाली चिखल होता. मागची दोन्ही चाकं बुडाली. जवळच्या पाड्यावरची माणसं आली, बैल आणायला कुणीतरी गेलं, आणि एका घरातल्या आजीने मला हाताला धरून आत नेऊन पानावर बसवलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी. समोर मंद ऊन पडलं होतं. चार वाजून गेल्याचं माझ्या ध्यानात होतं, पण टेकडी दोन डोंगर पलीकडे होती.

तेवढ्यात एक हाक ऐकू आली. लांबलचक, शेवटाला वर चढणारी. समोरच्या उतारावरून कुणीतरी काहीतरी विचारत होतं. आजी दारात गेली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि तशीच लांब हाक देऊन उत्तर दिलं. मग पलीकडून कुणीतरी ते उत्तर उचललं, त्याच्याही पलीकडे आणखी कुणीतरी. आवाज बारीक होत होत डोंगरात विरघळून गेला.

"काय विचारत होते?" मी म्हटलं.

"तुलाच विचारत व्हते," आजी म्हणाली. "जीपवाली बाय कुठं हाय. मी सांगितलं, जीप रुतली, बाय बरी हाय, जेवते."

घरी गेल्यावर वडिलांनी सगळं सांगितलं. सव्वाचारला त्यांनी न राहवून कॅलेंडरमागे लिहिलेला तो दुसरा नंबर लावला. तिने उचलला. "थांबा बाबा," म्हणाली आणि फोन तसाच दगडावर ठेवून दिला. वडिलांना वारा ऐकू येत होता, मधूनच लांबून ओरडणं. पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली. "बाबा, तुमची पोर जेवते."

"आयुष्यात इतकी चांगली बातमी मी ऐकली नव्हती," वडील म्हणाले.

त्यानंतर दोघांचं परस्पर बोलणं सुरू झालं. मी चिखल्याला असले तरी कधी कधी चारला वडील ओटीवर जाऊन तिचा नंबर फिरवायचे. ती त्यांना विचारायची, दर्या कसा आहे आज? वडील वाडीच्या टोकाला जाऊन बघून आलेले असायचे. तिचा माणूस कुठल्या पाण्यात आहे हे त्यांना कसं कळणार, पण ते तिला आपल्या समोरचं पाणी सांगायचे. तेवढ्याने तिला बरं वाटायचं. त्यांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

मग एका दिवाळीनंतर समुद्रात वादळ आलं. आमच्याकडे दोन दिवस वारा झाला, सुरूची दोन झाडं पडली. तलासरीच्या बाजूला विजेचे खांब आडवे झाले. तिच्या नवऱ्याचा फोन येऊन त्या वेळी नऊ दिवस झाले होते. फोनची बॅटरी संपण्याआधी ती वडिलांशी शेवटचं बोलली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. "बाबा, बोटी परत आल्या म्हणतात. त्याची नाय आली."

"बोटीचं नाव काय?"

तिला नाव ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बोटीच्या पुढच्या टोकावर दोन हिरवे मासे रंगवलेत, एकमेकांकडे बघणारे. नवऱ्याने एकदा फोनवर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फेरीवर निघाले आणि वडील सायकल काढून नरपडला गेले. तिथे त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा तांडेल होता, पन्नास वर्षं बोट हाकलेला. त्याचे सोयरे गुजरातच्या बंदरांवर पसरलेले. वडील त्याच्या अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांशेजारी बसून राहिले आणि तांडेल एकेका बंदराला फोन लावत राहिला. दोन हिरवे मासे पाहिलेत का? एकमेकांकडे बघणारे? पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका लहानशा बंदरातून कुणीतरी सांगितलं, हो, अशी एक बोट आहे. वादळात इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढून आणली. माणसं सगळी आहेत. फोन भिजलेत.

वडिलांनी तिथूनच तिचा नंबर लावला. बंद. गिरणीत वीज नव्हती, फोन चार्ज होणार कसा. माझा लावला, तो तर लागणारच नव्हता.

मी त्या दुपारी एका झऱ्यावर बाटली भरत होते. पाणी इतकं संथ पडत होतं की बाटली भरायला गाणं म्हणून व्हावं एवढा वेळ लागत होता. शेजारी एक बाई हंडा घेऊन बसली होती. अचानक ती ताठ झाली. वरच्या अंगाने हाक येत होती. तिने ऐकलं, उठली आणि खालच्या दरीकडे तोंड करून तीच हाक पुढे दिली. तिचा चेहरा उजळला होता.

"दर्यात गेलेला तो बरा हाय," ती मला म्हणाली. "बोट गुजरातला लागली."

"कुणी सांगितलं?"

"मोहाखाली कोण म्हातारा आलाय. जीपवालीचा बाप, म्हणतात."

मी बाटलीचं झाकण लावायलाही विसरले. जीप कशी चालवली, आठवत नाही. झाडं बाजूला सरकत होती आणि मला सारखं वाटत होतं की मी कुठेतरी झोपलेय आणि हे सगळं दुसऱ्या कुणाला होतंय. चार वर्षांत घोलवडपलीकडे न गेलेला माणूस. खरं तर आईला जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

टेकडीवर वडील मोहाच्या मुळीवर बसले होते. बसने तलासरी, तिथून भरगच्च जीपने उधवा, पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे. तिचं घर त्यांना माहीत नव्हतं, तिचं नावही नाही. म्हणून ते टेकडीवर उभे राहून ओरडले होते. वाडीतली पाखरं हाकलून हाकलून त्यांचा आवाज तयार होताच. पहिल्या दोन-तीन हाकांना नुसता डोंगर बोलला, मग एका पाड्याने उचललं. आता त्यांचा घसा पार बसला होता.

तेवढ्यात खलाशाची ती बायको आली. धावत आलेली दिसत होती, पायांना चिखल, केसांत भाताचं तूस. पण टेकडीवर पोचल्यावर ती दहा पावलांवर थांबली. डोक्यावर पदर घेतला. वडीलही उठून उभे राहिले आणि शर्टाच्या गुंड्या चाचपू लागले. वर्षभर फोनवर बोललेली ती दोन माणसं समोरासमोर आल्यावर लाजून गेली.

"मीच तो," वडील शेवटी फुटक्या आवाजात म्हणाले. "चारचा."

ती खाली बसली आणि रडली. वडील तिच्याजवळ गेले नाहीत. तिथेच उभे राहून त्यांनी ऐकलेलं सगळं सावकाश सांगितलं, इंजिन, ओढून आणलेली बोट, भिजलेले फोन. तिने दोनदा सांगायला लावलं. त्यांनी दोनदा सांगितलं.

नवरा पंधरा दिवसांनी घरी आला. पुढच्या मोसमात तो बोटीवर गेला नाही, घोलवडला चिकू उतरवायच्या कामावर राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र पुन्हा गेला. ती वडिलांना म्हणाली, इथं त्याला झोप लागत नाय, जमीन हलत नाय म्हणून.

माझं काम २०१८ मध्ये संपलं. नंतरच्या हिवाळ्यात तिकडे मनोरा उभा राहिला आणि घराघरातून फोन लागू लागले. त्यापाठच्या उन्हाळ्यात ती एकदा आमच्याकडे आली, मोहाची सुकी फुलं आणि डोंगरातले कंद घेऊन. समुद्र तिने लहानपणी एकदाच, डहाणूच्या बाजाराला आली होती तेव्हा पाहिला होता. वडील तिला किनाऱ्यावर घेऊन गेले, मी मागून. ओहोटी होती. पाणी फार आत गेलेलं, ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, कुठे वाळू संपते आणि कुठे पाणी सुरू होतं ते कळत नव्हतं.

"तो कुठल्या अंगाला असतो?" तिने विचारलं.

वडिलांनी हात वर केला, जरा विचार केला, आणि मग उजवीकडे, वायव्येला दाखवलं. ती तिकडे बघत उभी राहिली. भरती वळून पाणी पायांपाशी येईपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. मग वडील म्हणाले, "चला, चहा करतो," आणि आम्ही ओल्या पायांनी वाडीत शिरलो.