बिनछपराचा नकाशा
बोंबलाचा वास आला की मला आर्किटेक्चर कॉलेजातला शेवटचा प्रोजेक्ट आठवतो. विषय आपणच शोधायचा होता. मी वरोरच्या समुद्रकिनाऱ्यावरचं बोंबील सुकवायचं आवार घेतलं आणि नकाशात त्यावर ऐटीत छप्पर घातलं. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या दोरीवर टाकणारी मावशी तो बघून म्हणाली, "वारा अडवलास तर सडतील गो." मग महिनाभर तिच्यासोबत बोंबील टाकले, वाऱ्याच्या दिशा टिपल्या आणि छप्पर खोडलं. परीक्षक म्हणाले, "यात इमारत कुठंय? छप्पर घाला, पास करतो." मी सोबत नेलेल्या डब्यातली ओल्या बोंबलांची जोडी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर ठेवली. "आधी हे छपराखाली सुकवून दाखवा, सर." मी नापास झाले. पुढच्या वर्षी तोच नकाशा घेऊन त्याच टेबलासमोर उभी राहिले. आजही राहीन.