दार लावून केलेलं वाचन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. प्रार्थनेतसुद्धा हा विषय आला की मी घाईने आमेन म्हणून मोकळी होते.

मंडळीत मला अधूनमधून साक्ष द्यायला उभं करतात: रोज पवित्र शास्त्र वाचण्याचे फायदे. मी छान बोलते. मन शांत होतं, जीभ आवरते, दिवसाला वळण लागतं — आणि हे खोटं नाही बरं का, सगळं अनुभवलंय. फक्त एक फायदा मी कधी बोलून दाखवत नाही. मी दार लावून वाचायला बसले, की मला कुणी हाक मारायची नाही, असा घरात नियम होता.

नियम सासूबाईंनीच घातलेला. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना नगरहून इकडे कानडी मुलखात, मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. शेजारच्या अक्का कानडीत जेवण झालं का विचारायच्या, आई नुसत्या हसून मान हलवायच्या — झालं संभाषण! नवरा सकाळीच कंपनीच्या बसने जायचा. मराठी समजणारी घरात उरायचे मी एकटी. मग त्या बोलत राहायच्या. माझं डोकं उठायचं. जरा गप्प बसा, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा आणखी एक अध्याय वाचणं सोपं होतं. वाचन लांबत गेलं. आणि त्या कौतुकाने सांगायच्या, "आमची सून देवाजवळ बसली, की मी पाऊलही वाजवत नाही."

ताकाला जाऊन भांडं किती लपवू? त्या सकाळी त्यांनी बाथरूममधून हाक मारली. मोठ्याने नाही — नियम मोडतोय म्हणून दबकत. मग पुन्हा. त्यांना चक्कर येत होती, हे नंतर कळलं. तेव्हा मला काय वाटलं? काही नाही. मला उठायचं नव्हतं, एवढंच. वाचतही नव्हते मी — एकाच ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग पडल्याचा आवाज आला.

खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, वाचनात होते, ऐकूच आलं नाही. कुणी एका शब्दाने बोललं नाही, उलट माझीच समजूत घातली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि तरी मी ती समजूत घालून घेतली.

आई पुन्हा चालल्या नाहीत. मी रोज त्यांच्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचायचे. एकदा मध्येच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तुला खरंच ऐकू आलं नव्हतं ना गं?"

"नाही हो, आई."

"बरं झालं बाई. ऐकूनही आली नसतीस, तर मला फार लागलं असतं."

मी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले. त्या गेल्या, तेही हेच खरं मानून.