जादा तास

मंडणगडच्या एसटी स्टँडवर अब्बा माझी बॅग टपावर चढवत होते, तेवढ्यात आमचे गणिताचे सर समोर आले. बॅग बघून हसले आणि अब्बांना म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? तुमची पोरं शेवटी गल्फलाच जातात."

जात नाहीत, सर. तुम्ही घालवता. हे तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. पण अम्मी रडत होती, मी गाडीत चढलो. मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. गणित कच्चं होतं आणि सर शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, तुला कशाला, तू तर जाणारच. त्या तासाला बसलेली मुलं इंजिनिअर झाली. मी कतारला, दोह्यात येऊन दुसऱ्याच्या दुकानात पेट्या उचलल्या.

गावात तुम्हांला वाटतं, याचं नशीब उघडलं. नशीब कसलं? रास लफानच्या गॅस कारखान्यांतल्या ठेकेदारांना सेफ्टी बूट आणि कामगारांचे अंगभर कव्हरऑल विकत उभा राहिलो. त्यांचे परचेसवाले माणसाला सोलून काढतात, मी त्यांना पुरून उरलो. अब्बा मासळीच्या लिलावातले. ते सांगायचे, "पहिला आकडा आपण बोलायचा नाही." तेवढ्या शिकवणीवर धंदा केला.

आता दोह्यातच अल थुमामात फ्लॅट आहे. मुलगी नाझनीन इथेच जन्मली, मी मराठीत ओरडलो की इंग्रजीत उत्तर देते. बारावीला मार्क कमी पडले म्हणून तिला इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात घातलं. तिथे ग्रेड चांगले आले तर पुढे इंजिनिअरिंगला जाता येतं. पहिल्याच टर्मला ती गणितात आपटली. कॉलेजने काय करावं? गणित काढून तिला ऑफिस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला टाकायचं ठरवलं. याला ते स्टुडंट सपोर्ट म्हणतात.

दुकान सोडून मी कॉलेजात गेलो, नाझनीन बरोबर होती. अ‍ॅडव्हायझर बाई लखनौकडच्या, हिंदी एकदम गोड. मी विचारलं, गणिताची मदत कधी मिळते? म्हणाल्या, त्यासाठी खास रूम आहे, तीनपर्यंत उघडी असते. नाझनीनची लॅब चारला सुटते. म्हणजे मदत आहे, पण पोरगी पोचेपर्यंत दाराला कुलूप. मी म्हटलं, एक टर्म द्या आणि रूम उशिरापर्यंत उघडी ठेवा.

"भाईसाब, जरा प्रॅक्टिकल व्हा," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत तर जाणारच ना? तिकडे हा डिप्लोमा कामाला येईल."

माझं डोकं फिरलं. गावात मी जाणार होतो म्हणून शिकवायचं नाही. इथे ही परत जाणार म्हणून शिकवायचं नाही. मग आमच्या लोकांनी शिकायचं कुठे, विमानात? मी टेबलावर हात आपटला. धंद्यात मी रागावतो ते ठरवून. हा राग ठरवलेला नव्हता. बाहेरचा सिक्युरिटीवाला दारातून डोकावला.

तेव्हा नाझनीन बोलली, चक्क मराठीत. "अब्बा, तुम्ही बसा. हा सौदा माझा आहे."

मग बाईंना तिने इंग्रजीत सांगितलं की लॅबमधली आणखी मुलंही गणितात अडकली आहेत, ती सगळी चारनंतरच मोकळी होतात. सोपा कोर्स नको, रूमची किल्ली हवी. आणि परत म्हणजे नक्की कुठे, मॅम? मी इथल्याच हॉस्पिटलात जन्मले. आवाज जराही चढवला नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एक टर्म मिळाली. रूमही आता आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडते.

तुम्ही म्हणाल, काम झालं ना, खलास, आता राग कसला? सांगतो. त्या रूममध्ये चिपळूणवाल्यांची एक मुलगी येते. तिचे वडील रास लफानला शिफ्टमध्ये, कंपनीच्या बसने जाणार, कंपनीच्या बसने येणार. कॉलेजात येऊन टेबल आपटायला त्यांना सुट्टी कोण देणार? बाप भांडखोर असेल तरच पोरीला गणित मिळायचं? मी जन्मभर घासाघीस केली, कशाची करायची ते मला कळतं. बुटांची करावी. शिकवण्याची करायला लावणाऱ्यांची मला लाज वाटते, मग ते मंडणगडचे असोत की इथले.

मागच्या आठवड्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून बसलो होतो. वर त्या रूमचा दिवा दिसत होता. तो म्हणाला, "भाई, गवंडी मोकळा झालाय. तुझ्या घराचा पाया कधी घालायचा? कधीतरी परत येणार ना तू?"

तेवढ्यात नाझनीन आणि ती चिपळूणवाल्यांची मुलगी जिन्यावरून उतरल्या, कुठल्याशा गणितावरून कडाकडा भांडत. मी त्याला म्हटलं, "गवंड्याला दुसरं काम घेऊ दे. आधी ही पोरगी कुठे शिकते ते ठरू दे. घर तिच्या मागून येईल."